मामाची मांडी

आमचं माहेर-सासर दोन्ही उदगीरकडं. नवऱ्याच्या नोकरीपायी आमी आखाडा बाळापूरला आलो, तवापासून सगळे सण तिघांचेच. नातलग फोनवर गोड बोलतात, येत कुणीच न्हाई.

लेकराचं जावळ मामाच्या मांडीवर काढतात. माझ्या भावानं दोनदा तारीख ठरवली आन् दोनदा मोडली. परवा तर न्हावी दारात येऊन बसला, पुरण शिजलं, तवा ह्याचा पुण्याहून फोन. "ताई, सुट्टी न्हाई मिळाली. व्हिडिओ कॉल लाव आन् मोबाईल पाटावर ठेव. मी हाये असं समज."

मोबाईलला मांडी असती व्हय?

माझं डोकंच फिरलं. नवरा म्हणाला, "अंजली, जाऊ दे, मी बसतो." म्हणलं, "तुमी बाप. मामा कसे व्हाल?" आन् तशीच शेजारच्या मुंजाजीकडं गेले. तो शेरडं सोडायच्या घाईत होता. म्हणलं, "दादा, लेकराचं जावळ हाये, मांडीवर घ्यायला मामा न्हाई." त्यानं काहून म्हणून विचारलं न्हाई. हातपाय धुऊन आला आन् पाटावर बसला.

व्हिडिओ कॉल लावून मोबाईल मी खिडकीत उभा केला, भावाला नीट दिसावं म्हणून. लेकरू बोंबललं. मुंजाजीनं करडाला चुचकारावं तसं चुचकारून त्याला गप केलं. वस्तरा चालून राहिला, तसा फोनमधून आवाज आला, "ताई, हा माणूस कोण?"

"लेकराचा मामा," मी म्हणलं. "आपण कोण बोलता?"