नाळेवर कुणी जायचं नाही

सकाळी बाहेर पडताना समुद्र गरीब गाईसारखा होता आणि दुपार कलते न कलते तोच ही तऱ्हा! पश्चिमेला आभाळ काळंठिक्कर झालेलं, वारा नैर्ऋत्येचा, आणि समोर अळिवेच्या तोंडाशी, जिथं नदी समुद्राला मिळते तिथं, वाळूच्या बांधावर लाटा धडाधड फुटत होत्या. त्यात ओहोटी लागलेली. नदीचं पाणी बाहेर धावत होतं, समुद्र त्याला आत ढकलत होता, आणि दोघांच्या भांडणात लाट भिंतीसारखी उभी राहत होती. हेरियानं इंजिन मंद केलं आणि होडी बांधाच्या बाहेरच घोळवत ठेवली.

"भरतीची वाट बघू या की," मादेवा म्हणाला.

"भरतीच्या आधी ते येईल." हेरियानं हनुवटीनं ढगाकडे दाखवलं. "तेल किती आहे बघ."

मादेवानं टाकी हलवून कानाशी धरली. "नैवेद्यापुरतं."

"मग एकदाच जायचं. गेलो तर गेलो."

"कुठं गेलो, ते पण सांग बाबा," मादेवा म्हणाला. एरवी या माणसाच्या तोंडाला कुलूप म्हणून नसतं, पण आज तो स्वतःच्या विनोदाला हसलासुद्धा नाही.

होडीत तिसरा माणूस होता मुत्तय्या, हेरियाचा दोड्डप्पा, म्हणजे सख्खा थोरला चुलता. म्हातारा मधल्या फळीवर बसून कमरेची गाठ सोडत होता. गाठीतून त्यानं सुपारीच्या मोहराचा तुरा काढला, झटकला आणि मांडीवर ठेवला.

अळिवेच्या उत्तर काठावर केवड्याच्या बनात जट्टिगा देव बसलाय. मासे घेऊन आत येणाऱ्या प्रत्येक होडीतल्या मोठ्या माणसानं पुढे नाळेवर जायचं, होडीच्या अगदी टोकाला उभं राहायचं, तुरा पाण्यात सोडायचा, हात जोडायचे. हे कधीपासून चालू आहे ते विचारू नका. विचारणाऱ्याला इथं वेडा समजतात. आणि शांत पाण्यात ते चालतंही. देवाला हात, माणसाला धीर, कुणाचं काय बिघडतं?

पण लाट मागून येते तेव्हा होडीची नाळ हलकी हवी आणि बूड जड हवं. पुढे वजन गेलं की नाळ पाण्यात घुसते, होडी आडवी होते आणि मग लाट तिला उलटी करते. हेरियाला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी, याच जागी, अशाच वाऱ्यात. होडीत दोघंच होते, तो आणि दोड्डप्पाचा एकुलता एक मुलगा सोमा, हेरियाहून मोठा. हेरिया पोहत काठाला लागला. सोमा दुसऱ्या दिवशी लागला.

गावानं काय म्हणावं? उचलली जीभ लावली टाळ्याला! म्हणे सोमा शिकलेला, मंगळुरात राहून आलेला, त्यानं जट्टिगाला हात जोडले नसणार. देव कोपला. हे बोलणं फिरत फिरत दोड्डप्पाच्या कानावर गेलं, आणि बापानंच ते खरं धरलं. "देवाला पाठ दाखवली मेल्यानं," एवढंच तो तेव्हा म्हणाला. त्यानंतर स्वतःच्या मुलाचं नाव त्यानं तोंडातून काढलं नाही. आणि जो खरं जाणत होता तो हेरिया गप्प बसला. सांगणार काय? की तुमच्या पोरानं तुमचं ऐकलं म्हणून तो मेला? कुठल्या तोंडानं सांगावं माणसानं हे बापाला?

"मादेवा, जाळं मागे घे. टोपल्या पण."

मादेवानं पुढचं ओलं जाळं ओढत ओढत इंजिनापाशी आणलं, बांगड्यांच्या टोपल्या मागे सरकवल्या. होडीची नाळ वर उठली.

"दोड्डप्पा, तुम्ही पण मागे या. आज नाळेवर कुणी जायचं नाही."

म्हाताऱ्यानं मान वळवली. "काय म्हणालास?"

"समुद्र बघा ना. हात इथूनच जोडा. देवाला काय लांबचं दिसत नाही?"

"तांडेल झालास म्हणून मला देव शिकवतोस? तुझ्या हातात इंजिनाचा दांडा मी दिला रे." दोड्डप्पाचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "एक चुकला ते पुरे झालं माझ्या घरात. तू होडी बघ. मी माझं बघतो."

पुढे बोलायला वेळ नव्हता. मोठ्या लाटांचा एक घोळका बांधावर फुटून गेला आणि मागचं पाणी जरा सपाट झालं. हेरियानं दात आवळले. "धरून बसा!"

त्यानं एक लाट खालून पुढे जाऊ दिली आणि तिच्या पाठीवर होडी घातली. आता सगळं काम एकच. पुढच्या लाटेच्या माथ्यावर चढायचं नाही आणि मागच्या लाटेला गाठू द्यायचं नाही. दांडा मुठीत थरथरत होता. डाव्या हाताला वाळू दिसत होती, पिवळी, इतकी जवळ की उतरून चालावंसं वाटावं. ओहोटीचं पाणी होडीला मागे खेचत होतं. मागून आवाज येत होता, पण हेरियानं वळून बघितलं नाही.

मादेवानं बघितलं. "आई गं," तो पुटपुटला. "हेरिया, ही मोठी आहे रे!"

आणि नेमका तेव्हाच दोड्डप्पा उठला. एका हातात तुरा, दुसऱ्या हातानं कठडा धरत तो पुढे निघाला. होडीचं टोक लगेच वाकलं. हेरियाला ते दांड्यातून हाताला कळलं.

"मादेवा, धर त्यांना!"

मादेवानं हात पुढे केला आणि मागे घेतला. देवाकडे निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला धरायचं कसं?

"दोड्डप्पा, मागे या! पाया पडतो!"

म्हातारा थांबेना. आणखी दोन पावलं, की संपलं. मग हेरिया गळा फाडून ओरडला, "सोमा गेला होता पुढे!"

दोड्डप्पाचं पाऊल अडलं.

"तुरा घेऊन गेला होता! हात जोडले त्यानं, मी बघितलं! तो पुढे गेला म्हणून नाळ बुडाली, दोड्डप्पा! म्हणून गेला तो! मागे या!"

लाट मागून उठत होती. म्हातारा तसाच उभा राहिला, तेवढ्या वेळात होडी तिरकी व्हायला लागली. मग तो पडला की बसला कोण जाणे, पण रांगत रांगत मागे आला आणि हेरियाच्या पायांशी येऊन टेकला. नाळ वर आली. हेरियानं दांडा फिरवून होडी सरळ केली आणि इंजिनात होता नव्हता तो सगळा जोर लावला. लाट मागे फुटली. तिचा फेस कठड्यावरून आत आला, टोपल्या तरंगायला लागल्या, मादेवा डबा घेऊन वेड्यासारखा पाणी उपसत सुटला. फेसानं होडीला ढकलत ढकलत बांधावरून पलीकडे नेलं आणि सोडून दिलं.

नदीचं पाणी सपाट होतं. काठाकाठानं माड सरकत होते. मादेवा उरलेलं पाणी उपसत होता. दोड्डप्पाच्या हातातून तुरा कधी सुटला ते कुणी पाहिलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं विचारलं, "हात दोन्ही जोडले होते?"

"दोन्ही."

"म्हणजे धरायला एकही मोकळा नव्हता."

हेरियानं होडी धक्क्याकडे वळवली.

धक्क्यावर अक्कणी दोड्डम्मा, सोमाची आई, टोपली घेऊन उभी होती. वारा वाढल्यापासून ती तिथंच असणार, पदर पार भिजलेला. होडी लागताच तिनं नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "जट्टिगाला हात जोडलेत ना?"

"मी नाही," दोड्डप्पा म्हणाला. "सोमानं जोडले होते. हेरियानं पाहिलं."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा टोपली खाली पडली आणि ती हेरियावर धावून गेली. "पाहिलंस? आणि दोन वर्षं तोंडात काय मासा धरून बसला होतास, मेल्या?" ती त्याच्या छातीवर, खांद्यावर, हाताला येईल तिथं मारत सुटली. "बाजारात बाया माझ्याकडून मासे घेत नव्हत्या! देव कोपलेलीच्या हातचे म्हणायच्या! एक शब्द, एक शब्द सांगायला काय झालं होतं तुला?"

हेरिया मार खात उभा राहिला.

दोड्डप्पा मध्ये आला. त्यानं तिचा हात धरला नाही, नुसता तिच्या समोर उभा राहिला. "त्याला नको मारू. पोरगा हात जोडायला पुढे गेला म्हणून होडी बुडाली. लाट असो नसो, पुढे जायचंच, हे मी शिकवलं होतं त्याला. मला मार."

अक्कणीचा हात वरच राहिला. धक्क्यावरची माणसं हातातलं काम टाकून बघत होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिचा हात खाली आला. तिनं वाकून टोपली उचलली.

"घरी चला," ती म्हणाली. "इथं नका रडू. गाव बघतंय."