गाऱ्याचा वास

भिंतवाल्याने खड्ड्यात भिजत घातलेल्या मातीचा मूठभर गारा उचलून नाकाशी धरला, डोळे मिटले आणि जाणकारासारखी मान डोलावली. कळलं मात्र काही नव्हतं.

"मुरला का काका?" शेळ्यांची मालकीण कुंपणापाशी उभी होती. "की पुन्हा मागच्यासारखं?"

मागच्या महिन्यात त्याने तिच्या गोठ्याची भिंत घातली आणि आठवड्यात ती तडकली. माती तिच्याच बांधावरची, पेंढा तिच्याच शेतातला. दोन्हीत काही खोट नव्हती. गाराच कच्चा राहिला होता. मातीत पेंढा कालवून भिजत ठेवला की तो कुजतो, आंबतो आणि असा काही वास सोडतो की शेळ्याही तोंड फिरवतात. त्या वासावरच भिंतवाला चाळीस वर्षं गारा पारखत आला होता. यंदाच्या तापात त्याचं नाक गेलं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. नुसते दिवस मोजून काम रेटलं आणि तोंडघशी पडला.

"आता तडकली तर मी सिमेंटचे ठोकळे आणणार हं. राग मानू नका."

"आणा की," तो म्हणाला खरा, पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

मालकीण गेली आणि बायको डबा घेऊन आली. ही बाई जन्मभर या वासाशी भांडलेली. अंघोळ केल्याशिवाय तिने त्याला कधी घरात घेतलं नव्हतं. डबा ठेवून ती सरळ खड्ड्याशी उकिडवी बसली आणि तिने हात घातला.

"अगं, काय करतेस?"

"परवा दूध करपलं. तुम्ही चुलीशेजारी बसून होतात," ती म्हणाली. "तेव्हाच कळलं मला." तिने मूठ नाकाशी नेली. "अजून नाही. पेंढ्याचाच वास येतोय."

त्याने गुपचूप मालकिणीला निरोप धाडला, अजून थांबायचं. बायको रोज येऊन वास घेत राहिली. चौथ्या दिवशी तिने मूठ नाकाशी धरली ती बराच वेळ खाली घेतली नाही.

"कसा येतोय?" त्याने विचारलं.

"तुम्ही घरी यायचात ना, तसा."

 तो चपला काढून गाऱ्यात उतरला आणि तुडवायला लागला. बायको हात न धुताच बांधावर बसून राहिली.