नव्या शॉकअपच्या तीन फेऱ्या

सायकलचा सुटा भाग खरा कसा आहे हे यंत्राला कळत नाही, ते फक्त माणसाच्या तळहातांना कळतं, असं धाकट्या भावाचं ठाम मत होतं. मागच्या हंगामात त्याच्या तळहातांनी ज्या पेडलांची तोंड भरून शिफारस केली, त्यांतलं डावं अजूनही टेकडीमागच्या ओढ्यात कुठेतरी आहे.

दुकान ताईचं. डोंगरवाटांच्या सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, आणि नवा माल मागवण्याआधी त्यातला एक नग टेकडीच्या पायवाटेवर चालवून बघायचा, हा तिचा नेम. चालवून बघणं धाकट्याकडे. म्हणून दुकानात सगळे त्याला ‘तज्ज्ञ’ म्हणत. ताई जरा जास्तच स्पष्ट उच्चारून म्हणायची.

“ही शेवटची संधी,” पुढच्या चाकाला नवा शॉकअप बसवता बसवता ती म्हणाली. “या वेळी तोंडघशी पाडलंस, तर तू काउंटरवर आणि टेकडीवर हे.”

‘हे’ म्हणजे भाऊजी. निवृत्त झाल्यापासून ते दुकानात चहाच्या कपासारखे कुठेही ठेवलेले असायचे.

“भाऊजी?” तज्ज्ञाला हसू आवरेना. “त्यांना मागून घंटी वाजवली तरी कळत नाही.”

“मी वाजवली की कळते,” ताई म्हणाली.

साक्षीदार म्हणून भाऊजींनी जुन्या सायकलवर मागून यायचं ठरलं. तज्ज्ञाने त्यांना पद्धत समजावली: एकच वाट, तीन फेऱ्या, आणि वाटेत कोणी अवाक्षर काढायचं नाही. “बोललं की हातांचं लक्ष उडतं, भाऊजी.”

“बरं,” भाऊजी म्हणाले. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला ही अट नवी नव्हती.

पहिल्या फेरीत शॉकअपने दातांवर दात आपटवले. प्रत्येक दगड खांद्यापर्यंत येऊन ओळख देऊन गेला. तज्ज्ञ डगमगला नाही. नवा आहे, बुजतोय, असं त्याने मनाशी नोंदवलं.

दुसऱ्या फेरीत दगड जरा अदबीने वागू लागले.

“अरे, ते पुढचं...” भाऊजी मागून म्हणाले.

“भाऊजी!”



तिसरी फेरी म्हणजे निव्वळ गादी. वळणावर हँडल जड जात होतं, तो भारदस्तपणा. उतारावर खालून ठणठण आवाज येत होता, ते मुरणं. तज्ज्ञाचे डोळे पाणावले. पेडलांची बदनामी आज धुऊन निघणार होती.

हेल्मेटही न काढता तो दुकानात शिरला. “ताई, डोळे मिटून मागव! फेरीगणिक मऊ होत जातो. असा शॉकअप जन्मात पाहिला नाही!”

ताईने सायकलच्या हँडलवर भार दिला. शॉकअप हलला नाही. दोन्ही हातांनी रेटलं. शॉकअप जागचा ढिम्म.

“वरचा खटका उघडलास ना निघताना?” तिने विचारलं. “चढावर हलू नये म्हणून असतो तो. बंद असला की हा नुसता दांडका.”

खटका बंद होता.

तज्ज्ञाने आपल्या तळहातांकडे पाहिलं. “मग मऊ काय झालं?” त्याने अगदी मनापासून विचारलं.

भाऊजींनी हात वर केला. “आता बोलू का?”

“बोला एकदाचं,” ताई म्हणाली.

“पहिल्याच फेरीत, त्या काटेरी झुडपापाशी, याच्या पुढच्या टायरात काटा घुसला. तेव्हापासून हवा जात होती. मी सांगत होतो.”

ताईने अंगठ्याने टायर दाबला. अंगठा थेट रिमला टेकला.

“हातांचं लक्ष होतं ना पण?” तिने विचारलं.

सोमवारपासून तज्ज्ञ काउंटरवर बसतो. खुर्ची लाकडी आहे.