माझ्याखालचा पुठ्ठा

मी बोलतेय, पण जरा हळू. हरीओम ओट्यावर बसून फोनमध्ये काहीतरी बघतोय, आणि तो नव्या गाड्या बघत नसेल याची मला खात्री नाही.

मी एक छोटी, पांढरी गाडी. वय पंधरा. वाशीमच्या एका अंगणात पेरूच्या झाडाखाली उभी असते. माझे पहिले मालक रिठदचे जगदेव गुरुजी. त्यांनी सीटवरचं प्लास्टिक चार वर्षं काढू दिलं नाही. उन्हाळ्यात बसणाऱ्याची पाठ त्याला चिकटायची, उठताना चर्रकन आवाज यायचा. तरी गुरुजींचं एकच, "राहू द्या, सीट खराब होते." माणसं वस्तू वापरायला घेतात आणि मग तिला स्वतःपासूनच जपत बसतात. तेव्हापासून मला माणसांचा नीट अंदाज येत नाही.

दोन वर्षांपूर्वी गुरुजींचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी मला लेकीला दिलं. त्या वेळी हेमसिंग नावाचा, आरटीओची कामं करणारा एजंट आला होता. त्यानं बॉनेट उघडलं, माझ्या अंगावर कोरलेल्या नंबरावर कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. नंबर कागदावर उमटला आणि आठ दिवसांत मी रिठदहून वाशीमला आले. पेन्सिल घासली की मालक बदलतो, एवढं मी तेव्हा शिकले.

लेक म्हणजे निकिता, हरीओमची बायको. मेडशीच्या शाळेत शिकवते. रोज मला घेऊन जाते. मागच्या सीटवर अडीच वर्षांची मंजू. तिला शाळेजवळ धुरपताबाईंकडे ठेवते.

निकिता भारी संशयी. रोज संध्याकाळी माझ्या पोटाखाली खोक्याचा पुठ्ठा सरकवते, आणि सकाळी तो ओढून उजेडात धरते. तेलाचा थेंब पडला का? मंजूचा लंगोट बघते, अगदी तसं. वाटेत काचा बंद करून माझे आवाज ऐकते.

"मंजू, हा आवाज काल होता का गं?"

"होता," मंजू म्हणते. मंजू सगळ्यालाच होता म्हणते.

मला राग यायचा. दोन वर्षांत एकदाही वाटेत बंद पडले नाही, मग हा पहारा कशाला? कधी वाटायचं, माझ्यात खरंच काही बिघडलंय आणि एकट्या मलाच ते कळत नाहीये.

मागच्या महिन्यात हरीओमचा मित्र भागवत नवी गाडी दाखवायला आला. निकिता एक चक्कर मारून आली.

"कशी वाटली?" हरीओमनं विचारलं.

"पट्टा लावा म्हणते, दार लावा म्हणते, मागं पाहा म्हणते. मले टोकायले घरची मानसं कमी हायेत काय?"

"हसू नको. हे गाडी पंधरा वर्सांची झाली. एक दिवस लेकरासंग भररस्त्यात बसशीन."

"मले रोज पोचवते ना? मंग बस झालं. मले दुसरी नाही पाह्यजे."

म्हणाली खरी, पण म्हणताना ती मंजूकडे बघत होती. मला ते बघणं बरं वाटलं नाही.

आणि गेल्या बुधवारी हरीओमनं मला धुतलं. दसरा दूर, घरात कुणाचं लग्न नाही, आणि हा मला साबण लावतोय! मग पुढून फोटो, मागून फोटो, दोन्ही बाजूंनी फोटो. दुपारी हेमसिंग आला. तोच, दोन वर्षांपूर्वीचा. त्यानं खिशातून पेन्सिल काढली. संपलं, म्हटलं.

"पंधरा वर्सं भरली, उद्या आरटीओत पासिंग हाय," हरीओम निकिताला म्हणाला. "पास झाली त ठेव. नापास झाली त देऊन टाकू. मंग रडायचं नाही."

"नाही रडत."

सकाळी तिनं पुठ्ठा ओढला. मधोमध एक काळा थेंब, टिकलीएवढा. दोन वर्षांतला पहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं बोट लावलं, वास घेतला.

"काहून थांबली वं? गळलं काय काही?" आतून हरीओमचा आवाज.

निकितानं पुठ्ठ्याची घडी केली आणि मागच्या सीटखाली, मंजूच्या पायांशी सरकवली.

"कोरडाठाक हाय," ती म्हणाली.

दोन वर्षं माझ्यावर पाळत ठेवणाऱ्या बाईनं माझ्याविरुद्धचा पहिला पुरावा स्वतःच लपवला.

पण ती सरळ पासिंगला गेली नाही. आधी थेट गफ्फारभाईंच्या गॅरेजवर. भाई माझ्याखाली शिरले. ती मंजूला कडेवर घेऊन वाकून उभी.

"खरं सांगा, भाई. हिच्यात लेकराले बसवू का नको? तुमी नको म्हनसान त आजच देऊन टाकू."

खालून पान्याचा खडखडाट येत राहिला. डॉक्टर तपासत असताना कसं होतं, तसं आम्हा दोघींना झालं. मग खालून एक हात बाहेर आला. हातात झिजलेली चकती.

"हा घ्या तुमचा चोर. तेलाच्या नटाचा वायसर. पंधरा सालात हिचा एक वायसर गेला ताई, माहे त चार दात गेले. बसवा लेकराले बिनधास्त."

पासिंगच्या मैदानावर साहेबांनी करकचून ब्रेक मारायला लावला. मी जागच्या जागी थांबले. पाच वर्षं मिळाली. मोटारसायकलवरून आलेला हरीओम म्हणाला, "नशीब हाय तुह्या गाडीचं." निकितानं हसून मंजूला मागच्या सीटवर, पुठ्ठ्याच्या वर बसवलं.

त्या संध्याकाळी वाटलं, आता पुठ्ठा सुटला. तर तिनं मिक्सरचा नवा खोका फाडला आणि माझ्याखाली सरकवला. या वेळी राग आला नाही. रिठदला गुरुजींच्या शेजारची जीप बाभळीखाली सडून गेली. तिच्याखाली कुणी वाकून बघितल्याचं मला आठवत नाही.

जुना, डागाचा पुठ्ठा मात्र निकितानं अजून फेकलेला नाही. विसरली, की मुद्दाम ठेवलाय, कोण जाणे. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. हरीओम, पुन्हा कधी मला साफ करायची हुक्की आली तर फक्त पुढच्या सीटा झाड बाबा. मंजूच्या सीटखाली हात घालू नकोस.