चकतीतले पितर

माझ्या टीव्हीला त्या रविवारी झेंडूचा हार घातला होता. टीव्ही माझा, व्हीसीडी प्लेअर माझा, वायरसुद्धा माझी. पण हार घालताना मला कुणी विचारलं नाही. डांगरखेड्यात मारुतीच्या पारावर तो मांडला होता. समोर सगळं गाव मांडी घालून बसलं होतं आणि पडद्यावर कधीचे वारलेले पितांबर आबा शांतपणे जेवत होते. त्यांच्या भोवती निळे-पांढरे ढग तरंगत होते आणि मागे भजन चाललं होतं.

"आबाच शेतस," रुक्माबाई म्हणाली. "टोपी देखा, तशीच तिरपी."

"काय खाई ऱ्हायनात?" मागून कुणीतरी विचारलं.

"वरणबट्टी."

गाव सुखावलं. स्वर्गातही वरणबट्टी मिळते हे कळल्यावर म्हातारी मंडळी तर निर्धास्त झाली. मरणाला सगळ्यांत जास्त भिणारे झिपरूनाना मान उंच करून म्हणाले, "वांगानी भाजी शे का पन?" आबांच्या ताटात भाजीही दिसली तेव्हा नानांनी हात जोडले.

तेवढ्यात पडद्याच्या कडेने एक हात आला आणि त्याने आबांच्या बट्टीवर तूप ओतलं. मनगटात पितळेचं जाड कडं होतं.

"हाऊ हात कोना शे?"

"देवदूतना व्हई."

माझ्या शेजारी आबांचा पुतण्या उखर्डू बसला होता. तो पडद्याकडे बघे आणि पुन्हा आपल्या मनगटाकडे बघे. त्याच्याही हातात तसंच कडं होतं. आपल्यासारखं कडं वरही मिळतं याचा त्याला अभिमान वाटला असावा, कारण त्याने सदऱ्याची बाही वर सारून घेतली.

हा चमत्कार घडवणाऱ्याचं नाव चकतीनाथ महाराज. मुक्काम धुळे, वाहन जीप, सोबत पुतण्या रुपचंद. नव्याण्णव साल होतं ते. आमच्या गावात चकती, म्हणजे सीडी, फक्त माझ्याकडे होती आणि तीही सिनेमाची. महाराज एक कोरी चकती हातात घेऊन सगळ्यांना दाखवायचे. "चकती म्हणजे काय? सुदर्शनचक्राची धाकटी बहीण. आत्मा गोल, पृथ्वी गोल, चकती गोल. मधलं भोक आहे ना, ते ब्रह्मरंध्र. त्यातून पितर उतरतात."

"भाकरी पण गोल असते महाराज," मी एकदा म्हणालो.

"यादव सर, तुम्ही मराठी शिकवता. शब्दांत अडकलात," महाराज म्हणाले आणि गाव मला हसलं. मी शिकवलेली पोरंही हसली.

त्यांची पद्धत ठरलेली होती. कोरी चकती आधी प्लेअरमध्ये घालायची. आत काही नाही असं प्लेअर पडद्यावर सांगायचा. मग ती लाल कापड घातलेल्या पितळी डब्यात ठेवायची, वर विभूती, थोडा मंत्र, डबा तीनदा उलटासुलटा. मग चकती बाहेर काढून लावायची की पितर हजर. द्रौपदाबाईने, म्हणजे आबांच्या बायकोने, त्या दिवशी कोऱ्या चकतीला कुंकवाचं बोट लावलं होतं. आमच्याकडे विहिरीवर नवी मोटर बसली तरी बायका आधी तिला कुंकू लावतात. डब्यातून निघालेली चकती मात्र स्वच्छ होती.

"कुंकू पितरांनी घेतलं," महाराज म्हणाले. द्रौपदाबाई धन्य झाली.

इथवर मी गप्प बसलो असतो. कुणाला मेलेला नवरा जेवताना बघून बरं वाटत असेल तर माझ्या बापाचं काय जातं? पण पुढे आबांचं तोंड हलायला लागलं. भजनामुळे शब्द ऐकू येत नव्हते. ते म्हणे आपल्या कानांना ऐकू येतच नाहीत. त्यांचा अर्थ फक्त महाराजांना लागतो. महाराजांनी डोळे मिटले आणि अर्थ लावला. "आबा म्हणतात, माझी ज्योत्स्ना धुळ्याला नर्सिंग शिकते, परक्यांच्या जखमा धुते, त्यामुळे मला इथे पाणी गोड लागत नाही. तिला घरी आणा. आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर, सुपारी फोडा. मुलगा सालस आहे, महाराजांच्याच घरचा आहे."

रुपचंदने मान खाली घातली. त्याचं लग्न किती ठिकाणी मोडलं होतं हे धुळ्यातल्या कुणालाही विचारा.

द्रौपदाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "त्या सांगतस ते मी कशी मोडू?" दुसऱ्याच दिवशी ती एसटीने धुळ्याला गेली आणि पोरीला पेटीसकट घेऊन आली. ज्योत्स्नाचं शेवटचं वर्ष होतं, परीक्षा तोंडावर होती. पोरगी आईपुढे रडली, भांडली. आईचं एकच उत्तर होतं, "मी सांगत नही माय. तुना बाप सांगस."

आता बापाशी भांडायला पोरगी कुठे जाणार? ती गेली लताबाई बैसाणे यांच्याकडे. बैसाणे मॅडम आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात, अमळनेरहून येऊन-जाऊन करतात. ज्योत्स्नाला बेडूक कापायला त्यांनीच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी मॅडम तिला घेऊन शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि मला म्हणाल्या, "सर, तुमचा टीव्ही देव झाला, अभिनंदन. आता त्याच्या पोटात काय जातं ते बघायला घरी या. ज्योत्स्ना, तू कॅसेट घेऊन ये."

"कुठली कॅसेट?"

"हिच्या भावाच्या लग्नाची. महाराजांनी ती शुद्ध करायला नेली होती की नाही?"

नेली होती. सगळ्यांच्याच नेल्या होत्या. घरात लग्नाची कॅसेट असली की पितर तिच्यात गुंततात, म्हणून ती आश्रमात नेऊन विभूती लावून परत मिळायची. आमच्या गावात लग्नाची कॅसेट सुतकासारखी एकदाच पाळतात. भाड्याने व्हीसीआर आणून सगळे मिळून बघतात आणि मग ती पेटीत साड्यांखाली जाते. पुन्हा कोण बघतंय.

मॅडमच्या घरी कॉम्प्युटरवर भरतकाम केलेला रुमाल होता आणि खोलीबाहेर चपला काढायच्या होत्या. माझं हसू बघून त्या म्हणाल्या, "धूळ जाते म्हणून. नमस्कार करायचा नाही." कॉम्प्युटर त्यांच्या मुंबईच्या भावाने दिला होता आणि त्यात चकती लिहिणारं यंत्रही होतं. मॅडमनी व्हीसीआरची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि कॅसेट लावली. वरात गेली, हळद गेली, आणि जेवणाची पंगत आली. पंगतीत पितांबर आबा बसले होते, तिरपी टोपी घालून, वरणबट्टी चुरत. ना ढग, ना भजन. शेजारी लहान पोरं पापडासाठी भांडत होती. आणि बादली घेऊन वाकून तूप कोण वाढत होता? आमचा उखर्डू, अंगाखांद्यासकट. गावपंगतीत भाऊबंदच वाढतात, तो देवदूत कशाला येतो?

ज्योत्स्ना तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

मग मॅडमनी सगळं दाखवलं. कॅसेटवरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरतं, त्याची फाइल होते. फाइल हवी तिथे कापायची. कडेला ढग लावायचे, आवाज पुसून भजन टाकायचं. मग कोरी चकती यंत्रात घालून ती फाइल तिच्यावर लिहायची. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू भरत गेली. आम्ही चहा प्यालो, तरी ती भरतच होती.

"मध्ये लाइट गेली तर?"

"चकती वाया. म्हणून तर महाराजांचे पितर बुधवारी येत नाहीत. धुळ्यात त्यांच्या गल्लीत बुधवारी लाइट नसते."

मला झिपरूनानांचा बाप आठवला. मागे एकदा तो महाराजांच्या चकतीतून पडद्यावर आला आणि चौकोन चौकोन होऊन अडकला. महाराज म्हणाले होते, पापं आडवी आली. नाना त्यानंतर आठवडाभर जेवले नव्हते. "चकतीवर ओरखडा पडला असेल," मॅडम म्हणाल्या. मला तेव्हा खरा राग आला. म्हाताऱ्याच्या बापाला ओरखड्यापायी पापी ठरवला होता.

"चला, आत्ताच गावात सांगू," मी म्हणालो.

"तुम्ही सांगाल आणि गाव ऐकेल? भाकरीचं सांगितलंत तेव्हा काय झालं?" मॅडमनी विचारलं. "त्यांना महाराजांच्याच भाषेत सांगू. गावात शूटिंगवाला कोण आहे?"

शूटिंगवाला पुना नावाचा पोरगा होता. पुढच्या रविवारी महाराज द्रौपदाबाईकडे जेवायला बसले तेव्हा पुना कॅमेरा घेऊन समोर उभा राहिला. महाराजांना दर्शन द्यायची आवड दांडगी. त्यांनी केस सारखे केले, चांगली बाजू कॅमेऱ्याकडे केली आणि अर्धं डांगर एकट्याने संपवलं. आमच्या खरबुजाची चवच तशी आहे.

आखाजी आली. घरोघर पितरांच्या नावाने घागरी भरल्या, चुलीत घास पडले आणि संध्याकाळी गाव पाराशी जमलं. सुपारी फुटायची होती. ज्योत्स्नाला नवी साडी नेसवून पुढे बसवलं होतं. महाराजांनी कोरी चकती दाखवून डब्यात ठेवली तोच बैसाणे मॅडम उठल्या.

"महाराज, तुमच्या कृपेने मलाही थोडी विद्या आली आहे. आधी माझी चकती लावू का?"

नाही म्हणणं महाराजांना शोभलं नसतं. मॅडमनी कोरी चकती सगळ्यांना दाखवली, प्लेअरमध्ये घालून दाखवली, मग पिशवीतून आत कापड घातलेला आपला जेवणाचा डबा काढला आणि ती त्यात ठेवली. पोटॅशियम परमँगनेट, सोडियम बायकार्बोनेट, असं काहीतरी पुटपुटल्या. डबा तीनदा फिरवला. चकती काढली, लावली.

पडद्यावर ढग आले, भजन सुरू झालं, आणि ढगांच्या मधोमध चकतीनाथ महाराज डांगर खाऊ लागले.

चकतीत कोण येतं हे आता गावाला पक्कं ठाऊक होतं.

"वारले," रुक्माबाई हळूच म्हणाली आणि तिने पदर तोंडाला लावला. तिच्यामागे बायकांनी गळा काढला. "कालपरवा ते जेवनात व्हतात वं माय, आनी आज सरगमा गयात."

"अरे मी इथे आहे," महाराज उभे राहून म्हणाले. "मी जिवंत आहे."

झिपरूनाना समजुतीच्या सुरात म्हणाले, "मरेल मानूसले पहिलांदा असंच वाटस, महाराज. बठा खाले."

"चकतीत जिवंत माणूस पण येतो," महाराज ओरडले. "हे शूटिंग आहे. या बाईने शूटिंग केलं आहे."

"हे बरं झालं तुम्हीच सांगितलंत," मॅडम म्हणाल्या. "पण महाराज काहीतरी सांगतायत, तोंड बघा. थांबा, अर्थ लावते. म्हणतात, ज्योत्स्नाला परीक्षेला बसू द्या, रुपचंदने आधी स्वतः एखादी परीक्षा पास व्हावं."

पहिल्यांदा कोण हसलं ते माहीत नाही. बहुधा उखर्डू. मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यात मॅडमनी डबा उलटा करून दाखवला. कापडाखाली कोरी चकती होती. दुसरी, भरलेली, आधीपासून आत होती. त्यांनी महाराजांचा डबा मागितला. महाराज देईनात, तेव्हा झिपरूनानांनीच तो ओढून झटकला. विभूती उडाली आणि दोन चकत्या पाटावर पडल्या.

"मना बापनी पापं कोठे शेतस यान्हामा?" नानांनी विचारलं. महाराजांना यावर अर्थ लावता आला नाही.

द्रौपदाबाई मात्र हसत नव्हती. मला वाटलं, आपण हिचा नवरा दुसऱ्यांदा मारला. ती म्हणाली, "म्हंजे त्या काहीच बोलनात नही."

"बोलले आहेत, आई," ज्योत्स्ना म्हणाली. "भजनाखाली पुसलंय यांनी."

तिने मूळ कॅसेट आणली होती. मॅडमनी घरून आणलेला व्हीसीआर जोडला. पंगत आली, पोरांचा गोंगाट आला, उखर्डू तूप वाढून पुढे गेला. "ओ, हाई ते मीच शे," तो म्हणाला, पण सगळ्यांचे डोळे आबांवर होते. पितांबर आबांनी कॅमेऱ्याकडे बघून हात झटकला आणि त्यांचा घोगरा आवाज पारावर आला.

"मना काय फोटो लेस रे? मनी ज्योत्स्नाना ले. ती नर्स व्हई. मी आजारी पडसू ते तीच माले सुई टोची."

आबांच्या आजारपणात सुई टोचायला ज्योत्स्ना पुरी शिकलेली नव्हती.

"परत लावा," द्रौपदाबाई म्हणाली. मॅडमनी परत लावलं. मग तिने तिसऱ्यांदा लावायला सांगितलं, आणि तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ती उठली. तिने सुपारीचं ताट उचलून रुपचंदच्या हातात दिलं. "हाई तुमनं तुम्ही ली जा," ती म्हणाली आणि पोरीकडे वळली. "साडी बदल. पेटी भर. सकायनी एसटी शे."

जीप केव्हा गेली ते आम्हाला कळलंही नाही. आम्ही टीव्हीच बघत होतो.

ज्योत्स्ना पास झाली. ते होणारच होतं, त्यात चमत्कार काही नाही. मला सांगायचंय ते एवढंच. बाबांनो, डोळ्यांनी दिसलं म्हणून ते खरं होत नाही. ते कसं दिसलं, कुणी दाखवलं आणि दाखवणाऱ्याला त्यातून काय हवंय, हे तोंडाने विचारा. विचारल्याने देव रागावत नाही. आणि आपलं गेलेलं माणूस काय म्हणालं असतं हे परक्या माणसाला विचारू नका. त्याच्या ताटाला ताट लावून तुम्ही जेवलात, तुम्हालाच ते जास्त माहीत आहे.