कपाटातलं चामडं

नवरा जाऊन महिना झाला, तेव्हा थोरली नणंद तिला कपाट आवरू लागायला आली. सासूबाई फार लवकर वारल्या होत्या. धाकट्या भावाला या ताईंनीच लहानाचं मोठं केलं होतं. शर्टांच्या घड्या घालताना त्यांच्या हाताला तळाची पिशवी लागली. ती चहा घेऊन आली तोवर आतलं सगळं पलंगावर निघालं होतं.

तो पुस्तकबांधणी करायचा. उरल्यासुरल्या चामड्यातून त्याने हे सारं हाताने बनवलं होतं. वीसेक मऊ पट्ट्यांचा आसूड, तो खांद्यांवर, संथपणे, अंग उबदार होईपर्यंत. दुहेरी शिवणीची रुंद थापी, ती फक्त मांसल जागी. आणि एक अरुंद पट्टा, चांगलाच झोंबणारा; तो तिने मागितला तरच. कण्यावर, कमरेवर कधीच नाही. नवी वस्तू आधी तो स्वतःच्या मांडीवर मारून बघे. 'कात्री' हा दोघांचा ठरलेला शब्द तिने म्हटला की हात जागच्या जागी थांबे. सतरा वर्षांत ती तीनदा म्हणाली होती, आणि तिन्ही वेळा तो तिला पांघरुणात घेऊन बराच वेळ बसला होता.

"तो तुला मारायचा?" ताईंनी विचारलं.

तिने चहा खाली ठेवला. गप्प राहिली असती तर तिची लाज झाकली गेली असती, पण त्याच्या नावाला कायमचा बट्टा लागला असता.

"ताई, मीच मागायचे. मला आवडायचं. तो तर आधी घाबरला होता. माझ्यासाठी शिकला."

मग तिने सगळंच सांगितलं, अगदी कात्रीसुद्धा. ताईंनी ऐकून घेतलं आणि त्या तिचे हात धरून हमसून रडू लागल्या.

"गेलेल्या माणसाला किती सांभाळून घेशील गं? मीच वाढवलं त्याला. मला माफ कर."

ती जितकं समजावत गेली, तितकी ताईंना तिची जास्तच कीव येत गेली.

पंधरा दिवसांनी ती त्यांच्याकडे गेली. बाहेरच्या खोलीतला त्याचा फोटो काढलेला होता. भिंतीवर नुसता खिळा. ताईंनी तिला आग्रहाने वाढलं, पाठीवरून अलगद हात फिरवला.

"इकडेच राहायला ये," त्या म्हणाल्या. "इथे तुझ्या अंगाला कुणी हात लावणार नाही."

तिने हातातला घास ताटात परत ठेवला. "बघते," म्हणून ती उठली आणि दारात चप्पल शोधत बराच वेळ वाकून राहिली.