किड्याचं बारसं

कोपरीच्या चंद्रभागाबाईंनी जन्मभर मासळी विकली आणि बाजारातल्या भांडणात कधी कुणाला हार गेल्या नाहीत. त्या आज नखाएवढ्या एका किड्यावरून हट्टाला पेटल्या होत्या.

किडा तसा त्यांनीच दाखवलेला. कळव्याची रचना कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि रविवारी खाडीवर किडे धुंडाळत हिंडायची. तिवराचं पान विडीसारखं वळून आत राहणारी हिरवी अळी बाईंनी तिच्या हातावर ठेवली. अळीचा पतंग झाला. हा पतंग आजवर कुणी नोंदलेलाच नाही, हे ठरायला दोन वर्षं गेली. आता त्याचं बारसं करायचं होतं आणि रचनाला नाव हवं होतं चंद्रभागाबाईंचं. या नव्या पतंगाची नोंद करणारा शोधलेख उद्या पाठवायचा होता.

"माजं नाव किड्याला? नको गं बाय!" सुकट निवडता निवडता बाई म्हणाल्या. "बाजारात बाया हसतील मना. पानं खानारी कीड ती!"

"मावशी, मान असतो तो. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही देणार."

"मंग नको देऊ."

रचनाचा चेहरा पडला. दुसरं नाव तिच्या मनात येतच नव्हतं.

"बरं. पण कसं झालं असतं ते तरी ऐका," ती म्हणाली. "किड्यांची शास्त्रातली नावं लॅटिन पद्धतीने ठेवतात. त्यात बाईच्या नावाला शेवटी 'ए' लागतो. म्हणजे 'तिच्या नावाचा किडा'. तुमचं झालं असतं, चंद्रभागे."

सुपातला हात थांबला.

गोमाजीला जाऊन अकरा वर्षं झाली होती. होडी धक्क्याला लागायच्या आधीच तो खाडीतून हाळी द्यायचा, "चंद्रभागे!" सारा कोळीवाडा ऐकायचा आणि बाई लाजून नवऱ्याला शिव्या घालायच्या. त्याच्यामागे त्या मुलांची आई, नातवंडांची आजी, गिऱ्हाइकांची मावशी झाल्या. सगळी मायेचीच माणसं, तक्रार कसली करणार? पण नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, आणि ते आपल्याला इतकं सलत होतं हे बाईंना आत्ता कळलं.

"परत बोल."

"चंद्रभागे."

"परदेशातले पन असंच वाचतील?"

"लिहितील तरी असंच. एकदा ठेवलं की कुणाला मनाला येईल तसं बदलता येत नाही."

बाईंनी पदराने डोळे पुसले, हसल्या आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"मंग ठेव. पन सांग त्यांना, मोठ्यानं बोला. खाडीपार आयकू गेलं पायजे."